लग्नपत्रिकेचा खर्च कागदात नाही, यादीत आहे

बेळगाव : यंदा १७ मे ते १५ जून हा ज्येष्ठ अधिक आला आहे. अधिकात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे एरवी उन्हाळाभर पसरणारी लग्नसराई वैशाखातच उरकायची घाई आहे आणि उरलेली लग्नं निज ज्येष्ठावर ढकलली गेली आहेत. याचा पहिला ताण मंगल कार्यालयांवर येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा ताण छापखान्यांवर येतो, आणि तो पत्रिका छपाईला टाकायला गेल्यावरच कळतो. घाईच्या दिवसांत भाव करता येत नाही, प्रूफ नीट बघून होत नाही आणि समोर जे कार्ड शिल्लक असेल ते घ्यावं लागतं. तेव्हा पत्रिकेवर पैसे वाचवायचे असतील तर तारीख ठरल्या आठवड्यातच हे काम हाती घ्यावं.

दुकानात गेल्यावर बहुतेक घरं पहिला प्रश्न विचारतात, "कार्ड कितीला?" अल्बम उघडतो, मखमली, सोनेरी, पेटीसारखी उघडणारी कार्डं समोर येतात आणि मग घासाघीस सुरू होते. खरं तर हा प्रश्न तिसरा असायला हवा. पहिला, पत्रिका किती घरांना द्यायची? दुसरा, ती त्या घरापर्यंत कशी पोचवायची?

साधा हिशेब मांडून बघावा. समजा खानापूर तालुक्यातल्या एका घराला ४०० पत्रिका लागणार आहेत. १२ रुपयांचं कार्ड घेतलं तर ४,८०० आणि ३० रुपयांचं घेतलं तर १२,०००. फरक ७,२०० रुपयांचा. हा फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळी चर्चा त्यावरच होते. आता दुसरी बाजू. बेळगावहून कोल्हापूर जवळपास ११० किलोमीटर. मोटार घेऊन जाऊन-येऊन २२० किलोमीटर, वर गावातली फिराफिरी. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरलं तरी १,५०० रुपये झाले, चहापाणी, जेवण आणि दोन माणसांचा बुडालेला रोज वेगळा. त्या फेरीत १२ घरं झाली, तर एका घरामागे १२५ रुपये नुसते पेट्रोलचे. म्हणजे १२ रुपयांची पत्रिका त्या घरी १३७ रुपयांना पडली. अशा फेऱ्या एक कोल्हापूरला, एक गोव्याला, एक धारवाड-हुबळीला झाल्या, की कार्डावर वाचवलेला पैसा रस्त्यावरच संपतो.

माणसं नव्हे, चुली मोजा

यादी करताना घरोघरी एकच घोटाळा होतो. नवऱ्या मुलाची आई एक यादी करते, काका दुसरी करतात, मुलगा आपल्या मित्रांची तिसरी करतो, आणि छापखान्यात तिन्हींची बेरीज सांगितली जाते. त्यात मामांचं घर तीनदा आलेलं असतं. एकत्र राहणारे तीन भाऊ तीन नावांनी लिहिलेले असतात. म्हणून तिन्ही याद्या एका वहीत, गाव आणि गल्लीप्रमाणे उतरवून काढाव्यात. मोबाईलवर एक्सेल येत असेल तर उत्तमच, पण वहीनंही भागतं. घरटी एक पत्रिका, आणि चूल वेगळी असेल तरच दुसरी. एवढं केलं तरी ४०० चा आकडा बऱ्यापैकी खाली येतो.

मग त्याच वहीत प्रत्येक नावापुढे एक खूण करायची: हातात द्यायची, टपालानं पाठवायची, मोबाईलवर पाठवायची, की नुसती अक्षता देऊन आवतण करायचं. शेवटचा प्रकार शहरात विसरला गेला आहे, गावात अजून चालतो. आपल्याच गल्लीतल्या, रोज उंबरा ओलांडणाऱ्या माणसांना छापील कागदापेक्षा घरी जाऊन अक्षता देण्याचा मान मोठा वाटतो. तिथे पत्रिका दिली नाही म्हणून कुणी रुसत नाही, बोलवायला कोण आलं होतं यावर रुसतात.

लांबच्या गावांसाठी दुसरा उपाय आहे. कोल्हापूर, पणजी किंवा वडोदऱ्याला आपलं एक जवळचं घर असतंच. १५ पत्रिका नावं घालून त्या घरी एकगठ्ठा पाठवायच्या आणि वाटायचं काम तिथल्या आत्याबाईंना किंवा मेव्हण्यांना द्यायचं. स्वतः प्रत्येकाला फोन करायचा. हे काम ज्याला सांगितलं जातं त्याला तो मान वाटतो, ओझं वाटत नाही, निदान बहुतेकांना.

छापताना मात्र पक्क्या आकड्यावर वीस-पंचवीस पत्रिका जास्त घ्याव्यात. त्याचं कारण छपाईच्या हिशेबात आहे.

शंभरचा भाव आणि हजारचा भाव

छापखान्याचा खर्च दोन भागांत असतो. मजकूर बसवणं, प्लेट काढणं, मशीन लावणं हा खर्च एक पत्रिका छापा की हजार, तेवढाच येतो. कागद, पाकीट, घडी हा खर्च नगाप्रमाणे वाढतो. म्हणूनच नंतर ३० पत्रिका कमी पडल्या आणि पुन्हा छापायला टाकल्या, तर त्या ३० नगांवर सगळा पहिला खर्च परत चढतो. आधीच २५ जास्त घेतल्या तर फक्त कागदाचे पैसे लागतात.

कोणती पद्धत घ्यावी हे संख्येवर ठरतं. तयार कार्ड म्हणजे चित्र, गणपती, किनार आधीच छापलेली, त्यावर आपला मजकूर एका रंगात उठवायचा. शंभर ते तीनशेच्या घरात हे स्वस्त आणि लवकर होतं. चार रंगांची ऑफसेट छपाई करायची तर रंगामागे एक याप्रमाणे चार प्लेटा लागतात, त्यामुळे संख्या पाचशे-हजाराच्या घरात असेल तरच नगाचा भाव खाली येतो. डिजिटल मशीनला प्लेट लागत नाही, म्हणून ५० किंवा ८० पत्रिकांसाठी ते बरं, पण संख्या वाढली तरी नगाचा भाव फारसा उतरत नाही. सोनेरी फॉइल किंवा उठावाची अक्षरं हवी असतील तर वेगळा ब्लॉक करावा लागतो. फॉइल हवंच असेल तर वधू-वरांच्या नावापुरतं घ्यावं, पूर्ण किनारीला नको.

आकाराचं गणितही विचारून घेण्यासारखं आहे. डिजिटलचा कागद साधारण १२ बाय १८ इंची असतो. त्यावर ५ बाय ७ इंची पत्रिका चार बसतात. तीच पत्रिका साडेसहा बाय साडेनऊ केली की दोनच बसतात. बघणाऱ्याला आकार जरासा मोठा दिसतो, कागदाचा खर्च मात्र दुप्पट. "तुमच्या शीटवर कोणता आकार वाया न जाता बसतो?" एवढं विचारलं तरी छापखानेवाला सरळ उत्तर देतो, कारण कातरलेला कागद त्यालाही नको असतो.

कागद किती जाड, हे जीएसएममध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते जीएसएम. ए५ आकाराचं, म्हणजे वहीच्या अर्ध्या पानाएवढं, ३०० जीएसएमचं एक कार्ड सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच जाडीचं ए४ आकाराचं, मधे घडी घातलेलं कार्ड पावणेएकोणीस ग्रॅम. साध्या टपालात पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यानं चढतो. लहान कार्ड पाकिटासकट पहिल्या टप्प्यात बसतं, मोठं कार्ड पाकिटात घातलं की दुसऱ्यात जातं आणि तिकीट वाढतं. टपालानं ७०-८० पत्रिका जाणार असतील तर एक नमुना पाकिटासकट आधी टपाल कचेरीत तोलून घ्यावा.

आणखी एक गोष्ट अल्बम बघताना लक्षात येत नाही. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. चकचकीत लॅमिनेशनवर हळदीचं बोट नीट बसत नाही, पाकिटात घालता घालता पुसून जातं. साधा, किंचित खरखरीत कागद या कामाला चांगला, आणि तो सहसा स्वस्तही असतो. भावात जीएसटी आणि पाकीट धरलं आहे का, हे सौदा ठरायच्या आधी विचारावं, बिल हातात आल्यावर नव्हे.

आपल्याकडे वधूपक्ष आणि वरपक्ष आपापली पत्रिका काढतात. दोघे एकाच छापखान्यात गेले तर चांगली बचत होऊ शकते. दोन्ही घरांची नक्षी एकच ठेवायची, रंगीत भाग एकत्र छापायचा आणि मजकुराची काळी प्लेट तेवढी बदलायची. चारशे आणि पाचशे अशा दोन वेगळ्या छपायांपेक्षा नऊशेची एक छपाई स्वस्त पडते. अडचण असते ती यंत्राची नाही, दोन्हीकडच्या मंडळींचं एका गणपतीवर एकमत होण्याची.

एक पत्रिका, दोन लिप्या

सीमाभागातल्या घरांना एक खर्च असा असतो जो पुण्या-सोलापूरच्या घरांना सहसा नसतो. सोयरीक धारवाडकडची असते, किंवा मुलीच्या कचेरीतली मंडळी कन्नड असतात. मग चार पानी पत्रिका काढली जाते, दोन पानं मराठी, दोन कन्नड. येळ्ळूर किंवा कडोलीच्या भाऊबंदांकडे गेलेल्या तीनशे पत्रिकांमधला कन्नड भाग कुणी उघडूनही बघत नाही, पैसे मात्र त्याचेही दिलेले असतात. त्यापेक्षा यादीत कन्नड वाचणारी घरं किती ते मोजावं. ६० निघाली तर ६० कन्नड पत्रिका डिजिटलवर वेगळ्या काढाव्यात, बाकीच्या एकपानी मराठी. त्या साठ घरांनाही पूर्ण आपल्या भाषेतली पत्रिका मिळाल्याचं बरं वाटतं. हैदराबादकडे तेलुगू किंवा इंदूरकडे हिंदी मजकुराबाबत हेच करता येईल.

कन्नड मजकूर कुणा जाणत्याकडूनच तपासून घ्यावा. कन्नडात 'ए' आणि 'ओ' यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन अक्षरं आहेत, मराठीत एकेकच. त्यामुळे 'मोरे', 'देसाई' अशी नावं लिहिताना कोणता स्वर घ्यायचा हे ऑपरेटरनं अंदाजानं ठरवलं की आडनाव भलतंच होतं.

तिथीचंही एक बघण्यासारखं आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू पंचांगात महिना अमावास्येला संपतो, म्हणून बेळगाव आणि हैदराबादेत मिती जुळते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. आपली वैशाख वद्य पंचमी तिकडे ज्येष्ठ कृष्ण पंचमी होते. दिवस तोच, नाव वेगळं. तिकडे जाणाऱ्या पत्रिकेत इंग्रजी तारीख आणि वार ठळक असला म्हणजे व्याह्यांच्या घरी गोंधळ होत नाही. पत्त्यात तालुका, जिल्हा आणि राज्य लिहावं. बेळगावचं अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, बाहेरगावचा पाहुणा रेल्वेचं तिकीट काढताना किंवा नकाशात शोधताना तेच नाव टाकतो. कार्यालयाच्या नकाशाचा क्यूआर कोड छापला तर पत्त्याच्या चार ओळी वाचतात, मात्र छापण्याआधी तो दोन वेगवेगळ्या मोबाईलवर तपासावा.

नावं किती आणि कुणाची

पत्रिका मोठी होते ती मजकुरानं नाही, नावांनी होते. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, मान्यवरांची उपस्थिती, वर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. एक नाव घातलं की त्याच्या बरोबरीची चार घालावी लागतात, आणि एकपानी पत्रिकेची चार पानी होते. बजेटची पत्रिका करायची तर एक नियम आधी जाहीर करावा. उदाहरणार्थ, आजी-आजोबा, आई-वडील आणि सख्खे काका-मामा, त्यापुढे 'समस्त अमुक परिवार'. नियम सगळ्यांना सारखा असला की रुसवे कमी होतात. एकाला घेऊन दुसऱ्याला वगळलं की मांडवापर्यंत पुरतात.

नावं कमी करताना पहिली कात्री कुणावर चालते, हेही बघायला हवं. वडील नसलेल्या घरात अजूनही कितीतरी पत्रिकांवर 'कै.' लावून वडिलांचं नाव येतं, निमंत्रक म्हणून काकांचं येतं आणि मुलाला वाढवणाऱ्या आईचं नाव कुठेच नसतं. जागा नाही हे कारण तिथे चालण्यासारखं नाही. एक ओळ लागते, 'श्रीमती' लावून ती द्यावी, आणि किलबिलीतली एक ओळ कमी करावी.

वधू-वरांची नावं मात्र पूर्ण आणि आधारकार्डावर आहेत तशीच छापावीत. विवाह नोंदणीच्या वेळी कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही इतर कागदांबरोबर लग्नपत्रिका मागितली जाते. लाडाचं नाव, अर्धं आडनाव किंवा चुकीची तारीख असेल तर तिथे खुलासे करत बसावं लागतं. लाडाचं नाव हवंच असेल तर कंसात घालावं. यामुळेच, सगळी निमंत्रणं मोबाईलवर पाठवायचं ठरवलं तरी थोड्या पत्रिका छापाव्याच लागतात: कुलदैवतापुढे ठेवायला, घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायला आणि चार-पाच नोंदणीसाठी कागदपत्रांच्या फायलीत. गोव्यात नोंदणीची रीत वेगळी आहे, तिथे लग्नाआधीच नोंदणी कचेरीत दोघांच्या सह्या होतात. सोयरीक गोव्याची असेल तर त्या तारखा आधी ठरवून मगच पत्रिका छापायला द्यावी.

प्रूफवर सही करण्याआधी

आजकाल मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो. तो युनिकोडमध्ये असतो. अनेक छापखान्यांत मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी यांचे जुने फाँट चालतात, त्यात हा मजकूर सरळ बसत नाही. मग ऑपरेटर तो पुन्हा टाइप करतो किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून बदलून घेतो, आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. येळ्ळूरचा 'ळ्ळ' आणि कऱ्हाडचा 'ऱ्ह' हे नेहमीचे बळी. आपण पाठवलेला मजकूर बरोबर होता एवढ्यावर भरवसा ठेवू नये, छापून जाणारं प्रूफच वाचावं, आणि तेही मोबाईलवर नाही, कागदावर.

घरच्यांना चूक दिसत नाही, कारण त्यांना नावं पाठ असतात. म्हणून एक वाचन बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावं. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवून बघावा. मुहूर्ताच्या वेळेपुढे 'सकाळी', 'दुपारी' की 'सायंकाळी' हे असलंच पाहिजे. मोबाईल नंबर बघून वाचू नये, त्यावर फोन लावून बघावा. सगळ्यात काळजी 'श्री.', 'चि.' आणि 'कै.' यांची. हयात माणसापुढे 'कै.' छापलं गेलं तर सगळ्या पत्रिका रद्दीत जातात, आणि प्रूफवर सही आपली असेल तर पैसेही आपलेच. प्रूफ आणि छपाई यांच्यामध्ये घरातलं एखादं म्हातारं माणूस गेल्याची वेळही येते, म्हणून मशीनवर चढवण्याच्या आदल्या दिवशी छापखान्यानं एकदा फोन करावा असं सांगून ठेवावं.

मोबाईलवरची पत्रिका

मोबाईलवर पाठवण्याचा खर्च नाही म्हणतात, पण व्हिडिओ पत्रिका करणारे वेगळे पैसे घेतात. छापलेल्या पत्रिकेची पीडीएफ छापखान्याकडून मागून घेतली तर तेवढ्यानं भागतं. ती फोटो म्हणून पाठवली की बारीक अक्षरं फुटतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवली की स्पष्ट राहतात. ग्रुपवर टाकलेली पत्रिका म्हणजे आवतण असं जुनी माणसं अजून धरत नाहीत. एक फोन करावाच लागतो, आणि कोल्हापूरच्या फेरीपेक्षा तो कितीतरी स्वस्त.

यात एक नवा धोका शिरला आहे. लग्नपत्रिकेच्या नावानं अनोळखी नंबरवरून एपीके फाईल पाठवायची, ती उघडताच मोबाईलचा ताबा घ्यायचा आणि बँकेतले पैसे काढायचे, अशा फसवणुकीबद्दल पोलिसांनी वेळोवेळी सावध केलं आहे. त्यामुळे आता लोक खरी पत्रिकाही उघडायला घाबरतात. पाठवणाऱ्यानं फाईलआधी दोन ओळी लिहाव्यात, कोणाच्या घरचं लग्न, कोण बोलतंय, आणि फाईल पीडीएफच असावी. ज्याला पत्रिका येते त्यानं फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' दिसलं तर ती उघडू नये, ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी आधी फोन करून विचारावं. चुकून उघडली गेली आणि खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा आणि बँकेला कळवून खातं बंद ठेवायला सांगावं.